दोन वीकेंड वाया गेले, म्हणून या गणितज्ञानं मशीनला स्वतःची चूक सुधारायला शिकवलं

२७ ऑक्टोबर १९८०. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अमेरिकेतलं आर्पानेट काही तास ठप्प झालं. ना कुणी हॅकर, ना तुटलेली केबल. कुठली लाईन चालू आणि कुठली बंद, हे बाकीच्या राऊटरना कळवणारा एक छोटासा संदेश होता. एका मशीनमध्ये त्यातला एकेक बिट गळाला आणि ४४, ४० आणि ८ अशा क्रमांकांच्या तीन प्रती तयार झाल्या.

हे क्रमांक ६३ नंतर पुन्हा शून्यावर येत. त्यामुळे नियमानुसार ४० पेक्षा ४४ नवा, ४४ पेक्षा ८ नवा आणि ८ पेक्षा पुन्हा ४० नवा! प्रत्येक राऊटर ‘नवा’ संदेश पुढे ढकलत राहिला आणि नेटवर्क त्यातच गुदमरलं. शेवटी इंजिनिअर्सनी पॅच टाकून ते संदेश दुर्लक्षित करायला लावले.

गंमत म्हणजे, गळालेला एक बिट जागेवर कसा आणायचा, हे रिचर्ड हॅमिंग यांनी ३० वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं.

हॅमिंग यांचा जन्म १९१५ चा, शिकागोचा. व्हायचं होतं इंजिनिअर. पण मंदीच्या काळात स्कॉलरशिप मिळाली ती शिकागो विद्यापीठाची, आणि तिथे इंजिनिअरिंगच नव्हतं. मग गणित. १९४५ मध्ये ते लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या प्रकल्पात गेले. तिथे शास्त्रज्ञांची आकडेमोड करणारी मशीन चालू ठेवणं हे त्यांचं काम. पुढच्या वर्षी ते बेल लॅब्जमध्ये आले.

तिथलं रिलेवर चालणारं कॉम्प्युटर त्यांना वीकेंडलाच मिळायचं. चूक झाली की मशीनला ती कळायची. एरवी ऑपरेटर येऊन ती दुरुस्त करायचा. पण शनिवार-रविवारी कुणीच नसायचं, मग मशीन ते काम सोडून पुढचं घ्यायचं. सलग दोन सोमवारी हॅमिंग यांच्या हाती काहीच लागलं नाही. ते वैतागले. चूक झाल्याचं मशीनला कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये?

त्यांचं उत्तर भारी आहे. सात बिट घ्या. १, २ आणि ४ या जागांवर तपासणीचे बिट, बाकी चार जागांवर माहिती. प्रत्येक तपासणी ठरावीक जागांवर लक्ष ठेवते. समजा, १ आणि ४ ची तपासणी फसली. बेरीज करा: चूक पाचव्या जागेवर. तिथे ० असेल तर १ करा, १ असेल तर ०. झालं!

पेटंटच्या भानगडीत पेपर रखडला आणि १९५० मध्ये छापून आला. मधल्या काळात, १९४९ मध्ये, मार्सेल गोले यांचा याच विषयावरचा पेपर येऊनही गेला. तरी नाव टिकलं ते ‘हॅमिंग कोड’. १९६८ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज सर्व्हरच्या मेमरीत बिट उलटला तर तो सुधारणाऱ्या पद्धती याच कल्पनेतून आल्या आहेत.

१९७६ पासून हॅमिंग कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे नौदलाच्या संस्थेत शिकवत होते. डिसेंबर १९९७ पर्यंत ते वर्गात उभे होते. ७ जानेवारी १९९८ ला ते गेले.