डॉ. जोसेफ गोल्डबर्गर आणि पेलाग्राचं कोडं



तूप खावं की नाही, कॉफी किती कप, अंड्याचा बलक टाकावा का? दर आठवड्याला पेपरात नवं संशोधन येतं आणि त्याचे फॉरवर्ड घरोघरी फिरतात. अशा बातम्या वाचताना आम्हाला डॉ. गोल्डबर्गर आठवतात.

त्यांचा जन्म १८७४ चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतला. लहानपणीच आईवडिलांबरोबर ते न्यूयॉर्कला आले. वडिलांनी किराणा दुकान थाटलं. म्हणजे आपल्यासारखेच, बाहेरून येऊन इथे रुजलेले! १८९५ मध्ये डॉक्टर झाले, १८९९ मध्ये सरकारी आरोग्यसेवेत शिरले. पीतज्वर, डेंग्यू, टायफस यांचा अभ्यास करता करता तिन्ही आजार स्वतः भोगले.

१९१४ मध्ये त्यांच्याकडे पेलाग्राचं काम आलं. अमेरिकेच्या दक्षिणेत गरिबांना अंगावर चट्टे, जुलाब, मग वेड आणि शेवटी मृत्यू. त्याआधी साउथ कॅरोलायनात घरोघर फिरून मोठी पाहणी झाली होती. जिथे सांडपाण्याची सोय नाही तिथे पेलाग्रा जास्त, म्हणजे हा संसर्ग असावा, आहाराशी संबंध नाही, असा तिचा कल होता. पाहणी मेहनतीची होती, पण ज्या घरात धड संडास नाही त्या घरात दूध-अंडी तरी कुठून येणार? दोन्हीमागे गरिबीच होती. एकाशेजारी दुसरं दिसलं म्हणून ते त्याचं कारण ठरत नाही, आणि आजच्या बातम्यांतही नेमकी हीच गफलत सर्वात जास्त असते.

गोल्डबर्गरांनी साधी गोष्ट पाहिली: अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत आजार रहिवाशांना होतो, नोकरांना नाही. जंतू असा भेदभाव कसा करतील? मिसिसिपीतल्या दोन अनाथाश्रमांत त्यांनी दूध, अंडी, मांस, कडधान्यं वाढवली आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला. पण ही नुसती आधी आणि नंतरची तुलना. एखादं वर्ष आपोआपही बरं जातं. म्हणून जॉर्जियातल्या इस्पितळात त्यांनी काही वॉर्डांचा आहार बदलला आणि तुलनेसाठी इतर रुग्णांचा होता तसाच ठेवला. फरक स्पष्ट दिसला.

१९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगात शिक्षामाफीच्या बदल्यात कैद्यांना मुख्यतः मका, तांदूळ, साखर असा आहार दिला. शेवटपर्यंत राहिलेल्या ११ पैकी ६ जणांना पेलाग्राचे चट्टे आले. (आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.) टीकाकार तरीही मानेनात. मग १९१६ मध्ये गोल्डबर्गर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, त्यांची खपलं आणि विष्ठासुद्धा गोळ्या करून गिळली! पत्नी मेरी यांनीही रक्त टोचून घेतलं. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

आम्हाला सर्वात मोलाचं वाटतं ते याच वर्षी सुरू झालेलं, कमी गाजलेलं काम. सात गिरणी-गावांत एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाबरोबर त्यांनी आजाराची, मिळकतीची आणि खाण्याची नोंद ठेवली. तुम्ही साधारण काय खाता, एवढंच विचारून ते थांबले नाहीत. १५ दिवसांत घरात प्रत्यक्ष किती अन्न आलं ते दुकानाच्या वहीतून घेतलं. (मागच्या मंगळवारी आपण काय जेवलो, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?) मिळकत घटली की पेलाग्रा वाढतो, हे आकड्यांत दिसलं.

कापसाचे भाव कोसळले आणि १९२१ मध्ये त्यांनी पेलाग्रा वाढेल असा इशारा दिला. वर्तमानपत्रांत त्याचा दुष्काळ आणि महामारी झाली. दक्षिणेतले पुढारी बदनामी म्हणून चिडले आणि मदतही नको म्हणाले. मूळ मुद्दा, म्हणजे गरिबांना दूध-मांस परवडत नाही हा, गोंगाटात बुडाला.

गोल्डबर्गर १९२९ मध्ये कर्करोगाने गेले. नेमका कमी पडणारा घटक, नायसिन, १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी ओळखला. आपल्या दख्खनमध्येही जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा होता, आणि त्यावर पुढे हैदराबादला डॉ. गोपालन यांनी काम केलं.