अबू बक्र राझी : पारखून सांगणारे हकीम

गोंदियात कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो आणि तांब्यावरचा काळा थर निघून जातो. हा नवसागर म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने बनलेला क्षार. 'अल्कली' हा शब्दही अरबीच. त्याचा मूळ अर्थ वनस्पतींची राख.

या पदार्थांची शिस्तवार मांडणी करणारे अबू बक्र मुहम्मद इब्न जकरिया राझी इ.स. 865 च्या सुमारास इराणातील रै शहरी जन्मले. रै व बगदाद येथील रुग्णालयांचे ते प्रमुख होते. 'किताबुल असरार' या ग्रंथात त्यांनी धातू आणि क्षार यांचे वेगळे वर्ग केले. त्यांनी माकडाला पारा पाजून पाहिला, तेव्हा पोटदुखीपलीकडे अपाय दिसला नाही. त्याच पाऱ्याचा क्षार मात्र प्राणघातक असल्याचे त्यांनी बजावले. धातू तोच, परंतु क्षार होताच त्याचे गुण पालटतात.

उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी गेली. इ.स. 925 च्या सुमारास रै येथेच ते निवर्तले.

वाचकहो, कोणी धातूचे भस्म औषध म्हणून देऊ केले, तर आधी जाणकार डॉक्टरांना विचारा. लेकरांचा जीव ही आपल्याकडे सोपवलेली अल्लाहची अमानत आहे.