आपोआप उघडणारी दारे

मुलांनो, राहात्याच्या पेरूच्या बागा तुम्ही पाहिल्या आहेत ना? या भागातील शेतांना गोदावरीच्या उजव्या कालव्याचे पाणी मिळते. कालव्याला पाणी आले की सर्वांना आनंद होतो. पण पावसाळ्यात धरण भरते, तेव्हा त्याची भिंत किती पाणी पेलेल याची काळजी कोणीतरी वाहावी लागते. ही काळजी जन्मभर वाहणाऱ्या एका अभियंत्याची ओळख आज करून घेऊ या.

त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्म 15 सप्टेंबर 1861 रोजी कर्नाटकातील मुद्देनहळ्ळी या गावी झाला. लहानपणीच वडील वारले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी शिक्षण घेतले. पुढे ते पुण्याच्या महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकले आणि 1883 साली परीक्षेत पहिले आले. दुसऱ्या वर्षी ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक आणि धुळे भागांत त्यांनी काम केले.

पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण होते. पुण्याला पाणी कमी पडे, तरी पावसाळ्यात जादा पाणी वाहून जाई. पाणी जास्त साठवावे, तर पुराच्या वेळी भिंतीला धोका! मध्यरात्री पूर आला तर दारे कोण उघडणार? विश्वेश्वरय्यांनी यावर युक्ती काढली. त्यांनी अशी दारे तयार केली की, पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की ती आपोआप उघडत आणि पाणी उतरले की आपोआप मिटत. 1903 साली ही दारे खडकवासल्याला बसली. भिंत न वाढवता पाण्याचा साठा वाढला. माणसाला झोप लागली, तरी दारे जागी राहत!

हैदराबादचे नाव तुम्ही ऐकले आहेच. 28 सप्टेंबर 1908 रोजी तेथे मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे मरण पावली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी पावसाच्या नोंदी तपासल्या. नदीच्या वरच्या भागातील अनेक तलाव फुटल्यामुळे पूर अधिक वाढला होता. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर येते. नोंदी मागच्या पावसाच्या असतात; पुढचा पाऊस किती पडेल हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून त्यांनी मोठे तलाव बांधून त्यांत पुरासाठी जागा मोकळी ठेवण्याचा सल्ला दिला. त्यातून 1920 साली उस्मानसागर आणि 1927 साली हिमायतसागर पूर्ण झाले.

विश्वेश्वरय्या 1912 ते 1918 या काळात म्हैसूरचे दिवाण होते. 1955 साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

त्यांच्या हयातीतच, 12 जुलै 1961 रोजी, खडकवासल्याच्या वरचे पानशेत धरण फुटले. त्याचे काम तेव्हा अपुरे होते. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि तेही धरण फुटले. पुण्यात हाहाकार उडाला. ती दारे पावसाच्या पुरासाठी होती. वरचे अख्खे धरण अंगावर आल्यावर ती काय करणार? हैदराबादला दिसलेला धोका पुण्यानेही सोसला.

एप्रिल 1962 मध्ये विश्वेश्वरय्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे पूल बांधेल, कोणी धरण बांधेल. आपले काम पक्के आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. अंदाज चुकला तर काय होईल, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. त्या उत्तरावर खालच्या गावांतील माणसांचे प्राण अवलंबून असतात.