माकडाच्या ग्रंथी आणि संत्र्याचा रस

जिन, संत्र्याचा रस, डाळिंबाचा पाक आणि ॲब्सिंथचे दोन-तीन थेंब. एवढ्या साध्या पेयाचे नाव ‘मंकी ग्लँड’, म्हणजे माकडाची ग्रंथी! नाव ऐकून पाहुणा पेला खाली ठेवील, अशी शक्यताच अधिक. परंतु १९२०च्या दशकातील पॅरिसमध्ये हे नाव घेताच लोक डोळे मिचकावून हसत. हॅरी मॅकेल्होन या स्कॉटिश माणसाच्या बारमध्ये ते रूढ झाले, आणि त्यामागे होते डॉक्टर सर्ज वोरोनॉफ.

वोरोनॉफ यांचा जन्म १८६६ साली रशियातील एका ज्यू कुटुंबात झाला. अठराव्या वर्षी ते पॅरिसला वैद्यक शिकायला आले आणि १८९५ मध्ये फ्रेंच नागरिक झाले. पुढील वर्षी त्यांनी इजिप्त गाठले. तेथील चौदा वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी जनानखान्यावरील षंढ सेवक जवळून पाहिले. ही माणसे अकाली म्हातारी होतात, असे त्यांना वाटले आणि त्यांनी उलटा हिशेब मांडला. वृषण नसल्याने वार्धक्य लवकर येत असेल, तर तरुण वृषणाचा तुकडा बसवल्यास ते लांबेल!

आधी मेंढ्या-बोकडांवर प्रयोग झाले. मग १२ जून १९२० रोजी त्यांनी माकडाच्या वृषणाच्या पातळ चकत्या एका माणसाच्या शरीरात बसवल्या. त्याच वर्षी त्यांनी एव्हलिन बॉस्टविक या श्रीमंत अमेरिकन बाईंशी लग्न केले. त्या स्टँडर्ड ऑइलच्या एका भागीदाराच्या कन्या. दुसऱ्याच वर्षी त्या वारल्या. १९२३ मध्ये लंडनच्या परिषदेत जगभरच्या शल्यविशारदांनी डॉक्टरांचे कौतुक केले. इटलीच्या किनाऱ्यावर, ग्रिमाल्दी येथील आपल्या वाड्याच्या आवारात त्यांनी माकडे पाळली आणि त्यांच्या देखभालीला सर्कशीतला एक जुना माणूस ठेवला. त्या माकडांना कोणी काही विचारले नाही, हे वेगळे सांगायला नको.

रुग्णांना हसणे सोपे आहे. मी बँकेत असताना सत्तरी उलटलेले ठेवीदार दहा वर्षांची मुदतठेव ठेवायला येत. वारसाचे नाव लिहा म्हटले की त्यांचा चेहरा उतरे. आता साठी ओलांडल्यावर मला ते चेहरे अधिक कळतात. वोरोनॉफ यांच्या दारात उभे असलेले धनिक त्यांच्याहून फार निराळे नसावेत.

असो. पेयाकडे वळू. (परवान्याचे ज्याचे त्याने पाहावे.) साठ मिलिलिटर जिन, तीस मिलिलिटर संत्र्याचा रस, एक लहान चमचा डाळिंबाचा पाक. पाक घरीच होतो. डाळिंबाचा रस आणि तेवढीच साखर मंद आचेवर विरघळवावी, फार आटवू नये. आपले नागपुरी संत्रे गोड, म्हणून लिंबाचे चार थेंब पिळावेत. रस आयत्या वेळी, बिया न चिरडता काढावा. ठेवला की कडवटतो. ॲब्सिंथ नसल्यास बडीशेपेसारख्या वासाचे पर्नो चालते, पण थेंबांतच. हात सुटला की पेयाला खोकल्याच्या औषधाची कळा येते. घट्ट झाकणाच्या डब्यात भरपूर बर्फ घालून हात गारठेपर्यंत हलवावे आणि थंड पेल्यात गाळावे. अमेरिकेत ॲब्सिंथऐवजी बेनेडिक्टिन घालीत. मला ते रुचत नाही.

वोरोनॉफ लबाड होते का? मला तसे वाटत नाही. त्यांनी शस्त्रक्रिया लपवली नाही, पुस्तके लिहिली, परिषदांत जनावरे दाखवली. त्यांची चूक अधिक साधी होती. शस्त्रक्रियेनंतर मनुष्य हुशारीने चालू लागला की श्रेय ते चकतीला देत, त्याच्या आशेला नव्हे. वास्तविक परक्या प्राण्याचा तुकडा आपले शरीर जगूच देत नाही. तो मरतो आणि मागे नुसता व्रण उरतो. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती आले, तेव्हा त्याच्या सुयांनीही म्हातारे तरुण होईनात. मग १९४०च्या दशकात पीटर मेडावर यांनी परक्या कातडीला शरीर का झिडकारते, हे दाखवून दिले. तोवर डॉक्टरांकडची गर्दी ओसरली होती.

उतारवयात त्यांनी तिसरे लग्न केले, बायको पुष्कळच तरुण. ३ सप्टेंबर १९५१ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे, पंचाऐंशीच्या घरात, त्यांचे निधन झाले. दफन नीसला झाले. मोजक्याच वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले, तेही असे, जणू या माणसाला सगळे जग पहिल्यापासून हसतच होते.