पगार ७५ रुपये, त्यातही रुपयामागे एक पैसा बाजूला : महर्षी कर्व्यांच्या घरखर्चाची गोष्ट

पुणेकराला कर्वे रोड वेगळा सांगावा लागत नाही. ज्यांचं नाव या रस्त्याला आहे ते महर्षी धोंडो केशव कर्वेही आपण शाळेत पाठ केलेत. विधवांसाठी आश्रम, महिला विद्यापीठ, भारतरत्न, १०४ वर्षांचं आयुष्य. पण एक प्रश्न शाळेत कुणी विचारत नाही. या माणसाचं घर चालायचं कशावर?

तर विषय सुरू होतो कोकणात. १८५८ चा जन्म, दापोलीजवळचं मुरूड हे गाव. वडील केशवपंत दुसऱ्याच्या इस्टेटीवर कारभारी, पगार तुटपुंजा. घरात पैसा नव्हता, पण उधारीचा धाक मात्र होता. पुढे धोंडो शिकायला मुंबईला गेले, एल्फिन्स्टन कॉलेजात गणित घेतलं आणि शिकवण्या करून खर्च भागवायला लागले.

याच शिकवण्यांच्या पैशांतून त्यांनी एक सवय लावून घेतली. कमाईच्या प्रत्येक रुपयामागे एक पैसा दानधर्मासाठी बाजूला काढायचा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे व्हायचे, म्हणजे हा वाटा साधारण दीड टक्का. आकडा मुद्दामच छोटा, कारण छोटा असला की तो अडचणीच्या महिन्यातही निघतो. आज पगाराच्या दिवशीच एसआयपी कापून जाते ना, तसंच. फक्त इथे बँक नव्हती, ऑटो-डेबिट नव्हतं आणि पैसाही स्वतःसाठी साठत नव्हता.

१८९१ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. या सदस्यांनी वीस वर्षं नोकरी करायची आणि पगार घ्यायचा महिना ७५ रुपये. सरकारी नोकरीत त्याच शिक्षणाला बरेच जास्त मिळाले असते. पण पगार ठरलेला होता आणि गरजा वाढवायच्या नाहीत हेही ठरलेलं होतं. रुपयामागे एक पैसा धरला तर ७५ रुपयांवर बाजूला पडायचे एक रुपया, दोन आणे आणि तीन पैसे.

१८९१ मध्येच त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, सगळे त्यांना बाया म्हणायचे. या लग्नामुळे मुरूडकरांनी बहिष्कार टाकला, हे तुम्ही वाचलं असेल. त्याची पैशांची बाजू कमी वाचायला मिळते. ज्याला गाव बंद झालं, त्याला अडीअडचणीला भावकीचा आधारही नाही. म्हणजे गाठीला चार पैसे हवेतच.

ते होते. काटकसरीनं हजारभर रुपये साठले होते. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली आणि ते हजार रुपये संस्थेला देऊन टाकले. वर्षभराच्या पगाराहून जास्त रक्कम, एका फटक्यात.

पुढे आश्रम हिंगण्याला गेला. तिथली सहा एकर जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिली होती. कॉलेज संपलं की कर्वे पुण्याहून चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचे. टांग्याचे पैसे वाचायचे. वर्गणीच्या पै-पैचा हिशेब चोख ठेवायचे, त्यामुळे लोक पुन्हा पैसे द्यायचे.

पण बायांचं काय? त्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात आपली बाजू सांगितली आहे, ती मुळातून वाचावी अशी आहे. कर्व्यांचा आयुर्विमा होता. घरात लहान मुलं, कमावता एकटा, त्यामुळे ती पॉलिसी हाच काय तो आधार. कर्व्यांनी तीही आश्रमाच्या नावे करून दिली. बाया चिडल्या. उद्या काही बरंवाईट झालं तर मुलांचं कसं व्हायचं, हा त्यांचा साधा सवाल होता.

प्रामाणिकपणे सांगायचं तर इथे आम्ही बायांच्या बाजूनं आहोत. साठवलेले पैसे द्यावेत, ते आपल्या कष्टाचे असतात. पण विमा असतो आपल्यामागे उरणाऱ्यांसाठी. महर्षी होऊ घातलेल्या माणसाच्या घरातही हे भांडण व्हायलाच हवं होतं. बाया नुसत्या भांडून थांबल्या नाहीत. घरात दुसरी कमाई असावी म्हणून त्यांनी नागपूरला जाऊन सुईणकामाचं शिक्षण घेतलं. त्या काळात, लेकुरवाळ्या बाईनं, हे लक्षात घ्या.

घरात जे जमलं नाही ते संस्थेच्या बाबतीत मात्र जमून आलं. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं, पण दर वर्षी वर्गणीसाठी वणवण चालूच. १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली. तिची मांडणी बघा. विद्यापीठाला मिळणार होते वर्षाला ५२,५०० रुपये, म्हणजे १५ लाखांवरचं साडेतीन टक्के सरकारी रोख्यांचं व्याज. मुद्दल खर्चायचं नाही, येणाऱ्या व्याजावर चालवायचं. निवृत्तीचा पैसा ठेवताना आपण आज जे गणित करतो, ते हेच. ठाकरसींच्या आईच्या नावावरून विद्यापीठाचं नाव पडलं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आपलं एसएनडीटी.

कर्वे स्वतः १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले होते. मुलं मोठी झाली, मिळवती झाली. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेले, दिनकर फर्ग्युसनमध्येच प्राध्यापक झाले. बायांना वाटणारी भीती खरी ठरली नाही, पण त्याचं एक कारण असंही की कर्वे शंभरी ओलांडून जगले.

१९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांत शाळा काढण्यासाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केलं. त्यासाठी पेन्शनमधून दरमहा १५ रुपये घातले आणि बाकीच्या वर्गणीसाठी पुण्यात पुन्हा दारोदार फिरायला लागले.