एक नाव, शेकडो पुस्तके : पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



या वेळच्या चरित्रासाठी आम्ही असे नाव निवडले आहे, जे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आहे, पण लक्षात नाही. आजोबांच्या कपाटात गीतेवरची एखादी जाड टीका असेल, संस्कृत शिकण्याचे पिवळी पाने झालेले पुस्तक असेल, आसनांवरची पातळ पुस्तिका असेल. उघडून बघा, तिन्हींवर लेखकाचे नाव एकच निघण्याचा संभव आहे : श्री. दा. सातवळेकर. त्यांच्या नावावर लहानमोठी मिळून 400 च्या आसपास पुस्तके सांगितली जातात. आणि या माणसाच्या आयुष्यातली महत्त्वाची वर्षे आपल्या हैदराबादेत गेली आहेत, हे आपल्या मुलांना तर माहीतच नसते.

*बालपण आणि चित्रकला*

पंडितजींचा जन्म 19 सप्टेंबर 1867 रोजी सावंतवाडीजवळच्या कोलगाव येथे झाला. घराणे वेदपाठी भिक्षुकांचे. मंत्र त्यांच्या कानावर लहानपणापासूनच पडले. पण मुलाचा हात चालायचा तो चित्रात. पुढे ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथले मानाचे मेयो पदक त्यांनी मिळवले. म्हणजे पुढे जगाने ज्यांना वेदमूर्ती म्हणून ओळखले, ते पोट भरत होते रंग आणि कुंचल्यावर. व्यक्तिचित्रे काढण्यात त्यांचा हात धरणारे थोडे होते.

*हैदराबादची वर्षे*

1900 साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते हैदराबादला आले आणि इथे त्यांनी चित्रशाळा थाटली. निजामाचे राज्य, अमीर-उमरावांचे वाडे. चांगल्या चित्रकाराला कामाची ददात नव्हती. पैसा मिळत होता, नाव होत होते. दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर सुखाने राहिला असता.

पण इथेच त्यांचे मन दुसरीकडे वळले. आर्यसमाजाच्या सहवासात आले, स्वामी दयानंदांचे ग्रंथ वाचले, थिऑसफीच्या लोकांशीही संबंध आला. लहानपणी कानावर पडलेले मंत्र आता अर्थासकट समजून घ्यावेत, अशी ओढ लागली. दिवसा चित्रे आणि उरलेल्या वेळात वेद, असा क्रम सुरू झाला.

त्याच काळात आपल्या शहरातल्या मराठी मंडळींनी मुलांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आणि पंडितजी अशा मंडळींच्या प्रयत्नांतून विवेकवर्धिनी उभी राहिली. जांबागेत आपली किती मुले-नातवंडे शिकली! आणि बरकतपुऱ्याहून नारायणगुड्याला जाताना केशव मेमोरियल लागते ना, ते याच कोरटकरांच्या नावाने. रस्त्याने रोज जातो आपण, पण हे नाव कुणाचे, असे मुलाने विचारले तर सांगता आले पाहिजे.

*एका लेखाची किंमत*

कोल्हापूरहून प्रा. विजापूरकर ‘विश्ववृत्त’ नावाचे मासिक काढत. त्यात पंडितजींनी वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवर लेख लिहिला. विषय वेदाचा, पण काळ स्वदेशीच्या चळवळीचा. देवापाशी बळ आणि तेज मागणारी प्रार्थना इंग्रज सरकारला राजद्रोहासारखी वाटली. विचार करा, ज्या मंत्रांना आपण संथ आवाजात म्हणून उदबत्ती लावतो, त्यांचा नुसता अर्थ सांगितला म्हणून खटला! त्यांना हैदराबाद सोडावे लागले. हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीत काही काळ काढला, पण अटक टळली नाही. कोल्हापूरला खटला चालला.

बसलेली घडी अशी मोडली. त्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी लाहोरला पुन्हा चित्रशाळा मांडली आणि तिथेही नाव कमावले. वेदांचा अभ्यास आणि व्याख्याने मात्र सोडली नाहीत. शेवटी सरकारी नजर तिथेही पोचली.

आम्ही बायका हे वाचताना एक गोष्ट मनात आणतोच. हैदराबाद, हरिद्वार, लाहोर, औंध, पुढे पारडी. प्रत्येक वेळी कुणीतरी डबे-भांडी बांधली असतील, नव्या गावात चूल मांडली असेल, मुलांना नवी बोली शिकवली असेल. ग्रंथावर एक नाव छापले जाते, पण त्या तपश्चर्येत सगळे घर असते.

*एक्कावन्नाव्या वर्षी नवी सुरुवात*

1918 मध्ये ते सातारा भागातल्या औंध संस्थानात आले. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. राजाने आश्रय दिला आणि पंडितजींनी स्वाध्याय मंडळ सुरू केले. वय एक्कावन्न. ज्या वयात आपल्याकडे लोक ‘आता काय राहिलंय’ म्हणू लागतात, त्या वयात त्यांनी चालता धंदा बाजूला ठेवला आणि आयुष्यातले खरे काम हाती घेतले.

औंध म्हणजे लहानसे गाव. तिथे छापखाना चालवायचा, मुद्रिते तपासायची, ग्राहकांना टपालाने पुस्तके पाठवायची. ‘वैदिक धर्म’ हे हिंदी आणि ‘पुरुषार्थ’ हे मराठी मासिक तिथूनच निघू लागले.

आणि पुस्तके किती तऱ्हेची! चारही वेदांच्या शुद्ध छापील संहिता. अथर्ववेदाचे सोपे भाष्य. एकेका देवतेचे मंत्र एकत्र करून लावलेली दैवत संहिता, म्हणजे इंद्राचे किंवा अग्नीचे मंत्र शोधायला सगळा वेद धुंडाळायला नको. गीतेवर पुरुषार्थबोधिनी टीका. महाभारताचे हिंदी भाषांतर. हे झाले मोठे ग्रंथ. शिवाय आसने, ब्रह्मचर्य, व्यायाम, योगाची पूर्वतयारी यांवरची छोटी पुस्तके. वेदातली शेती, वेदातला चरखा, वेदातली जलविद्या, रोगजंतू, सर्पविद्या, असे विषयसुद्धा त्यांनी सोडले नाहीत.

त्यांनी लावलेले सगळेच अर्थ विद्वानांना पटत नाहीत. आजच्या गोष्टी त्यांनी वेदात पाहिल्या, असा आक्षेप घेतला जातो, आणि काही ठिकाणी तो खराही वाटतो. पण त्यांची ओढ समजून घ्यावी. वेद हा सोवळ्यात ठेवण्याचा ग्रंथ आहे, हे त्यांना मान्य नव्हते. शेतकरी, विणकर, आजारी माणूस, व्यायाम करणारा तरुण, प्रत्येकाला त्यातले काहीतरी उपयोगी पडले पाहिजे, या एका विचारातून ही इतकी वेगवेगळी पुस्तके आली. वरून पाहिले तर पसारा, आतून पाहिले तर एकच सूत.

*घरबसल्या संस्कृत*

आम्हाला सगळ्यांत मोठे वाटते ते त्यांचे संस्कृतचे काम. आधी रूपे घोका, मग वर्षानुवर्षांनी वाक्य, या धाकाने किती जणांनी संस्कृत सोडले असेल! पंडितजींनी वाट उलटी केली. ‘संस्कृत स्वयंशिक्षक’मध्ये तो, तू, मी, जातो, कुठे, इथे असे रोजचे शब्द देऊन लगेच छोटी वाक्ये करायला लावली. व्याकरण हळूहळू मागून येते, जसे मूल बोलायला शिकते तसे. शिवाय 24 लहान भागांची पाठमाला काढली, म्हणजे एक भाग संपला की हुरूप येतो आणि पुढचा घ्यावासा वाटतो. शाळेत न गेलेला, दुकानात बसणारा, घरकामातून अर्धा तास काढणारी, अशांसाठी हे लिहिले आहे. ‘स्वयंशिक्षक’ आजही बाजारात मिळते.

आपल्या गटांत हा प्रश्न नेहमी निघतो : गुरूंचे नाम असताना पुस्तके कशाला? आणि गुरूंशिवाय पुस्तकातून शिकलेले चालते का? आम्हाला वाटते, पंडितजींच्या आयुष्यात दोन्हीचे उत्तर आहे. मंत्र त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मिळाले, म्हणजे बीज परंपरेचे. पण ते बीज अनेक वर्षे तसेच राहिले. स्वतः बसून अर्थ लावायला लागले तेव्हा उगवले. गुरू देतात ते आपण रोज खणायचे, पाणी घालायचे. त्यालाच स्वाध्याय म्हणतात. आपण जे स्तोत्र तीस वर्षे म्हणतो, त्यातल्या चार शब्दांचा अर्थ नातीने विचारला आणि आपण गप्प बसलो, तर नातीचा पुढचा प्रश्न येणार नाही. स्तोत्र आपल्यापाशीच थांबेल. भीती त्याची वाटते.

*पुन्हा एकदा घर मोडले*

1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर सातारा भागात घरांवर हल्ले झाले, जाळपोळ झाली. त्याच वर्षी औंध संस्थानही विलीन झाले. तीस वर्षांचे काम उचलून ऐंशी वर्षांचे पंडितजी गुजरातेतल्या पारडीला गेले आणि स्वाध्याय मंडळ तिथे पुन्हा उभे केले. पुढची वीस वर्षे लिहिणे-छापणे चालूच राहिले. 1968 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी 31 जुलैला त्यांनी देह ठेवला. वयाच्या एकशे एकाव्या वर्षात होते. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर मोठे चित्रकार झाले, महाराष्ट्राचे कलासंचालकही झाले. वडिलांनी बाजूला ठेवलेला कुंचला मुलाने उचलला, असे म्हणता येईल.

*या महिन्याचा कुटुंब-संकल्प*

1. घरातले कपाट उघडा. पंडितजींचे एखादे पुस्तक सापडले तर त्याची धूळ झटकून ते देवघराजवळ ठेवा.

2. आपण रोज म्हणतो त्या प्रार्थनेतला एक शब्द घ्या. रात्री जेवताना त्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून शोधा. एका दिवसाला एकच शब्द, जास्त नको.

3. पन्नाशी-साठीच्या भगिनींनी संस्कृतचा पहिला पाठ एकदा उघडून बघावा. सोबतीण हवी असेल तर आपापल्या गटात निरोप टाका. दोघी मिळाल्या की वर्ग झाला.

4. मुलांना एकदा जांबागेतली विवेकवर्धिनी दाखवा आणि ती कुणी उभारली ते सांगा.

पुढच्या पत्रापर्यंत सर्वांचा स्वाध्याय नीट चालो, ही श्रीगुरुचरणी प्रार्थना.

– सेवा-गट, बरकतपुरा, हैदराबाद