कृष्ण दैवज्ञ

कृष्ण दैवज्ञ (इ.स.चे १६ वे–१७ वे शतक) हे भारतीय गणिती व ज्योतिषी होते. दुसऱ्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथावरील ‘बीजपल्लव’ (अन्य नाव ‘नवांकुर’) या संस्कृत टीकेमुळे ते प्रसिद्ध आहेत. बीजगणितातील नियमांची उपपत्ती, म्हणजे सिद्धता, देणे हे या टीकेचे वैशिष्ट्य होय.

जीवन

कृष्णांचे घराणे मूळचे विदर्भातील पयोष्णी नदीकाठच्या दधिग्राम या गावचे. पयोष्णी म्हणजे वऱ्हाडातील पूर्णा नदी असे सामान्यतः मानले जाते. मूर्तिजापूरचा परिसर याच पूर्णेच्या खोऱ्यात येतो. वडील बल्लाळ हे काशीस स्थायिक झाले. कृष्णांचे गुरू विष्णू हे ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञ यांच्या पुतण्याचे, नृसिंहांचे, शिष्य होते. कृष्णांना मोगल बादशाह जहांगीर याचा आश्रय लाभला. बंधू रंगनाथ यांनी ‘सूर्यसिद्धांता’वर टीका लिहिली; रंगनाथांचे पुत्र मुनीश्वर हेही नामवंत ज्योतिर्गणिती झाले.

ऋण संख्यांचा अर्थ

कृष्णांनी धन व ऋण या कल्पना दिशेच्या आधारे स्पष्ट केल्या. पूर्व दिशा धन धरली तर पश्चिम ऋण होते. काशीच्या पूर्वेस १५ योजने असलेले पट्टण आणि पश्चिमेस ८ योजने असलेले प्रयाग यांतील अंतर २३ योजने भरते, या उदाहरणावरून त्यांनी ऋण संख्येची वजाबाकी बेरजेसारखी का होते हे दाखविले.

मध्यमाहरण

वर्गसमीकरणातील मधले पद नाहीसे करण्याच्या रीतीस ‘मध्यमाहरण’ म्हणतात. भास्कराचार्यांनी यासाठी श्रीधराचार्यांचा नियम दिला आहे: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे व मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवावा. असे केल्याने अव्यक्ताची बाजू पूर्ण वर्ग बनते आणि अपूर्णांक टळतात.

भास्कराचार्यांच्या एका उदाहरणात वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो व १२ वानर टेकडीवर उरतात. कळपाची संख्या क्ष मानल्यास क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०, म्हणजेच (क्ष − ३२)² = २५६; उत्तरे ४८ व १६. दोन्ही ग्राह्य आहेत. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून केलेला वर्ग गुहेत जातो व १ वानर फांदीवर दिसतो. येथे ५० व ५ ही उत्तरे येतात. परंतु ५ घेतल्यास पाचवा भाग १ होतो व त्यातून ३ वजा करता ऋण २ उरतात. वानरांची संख्या ऋण असू शकत नाही, म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर त्याज्य ठरविले.

आधुनिक संदर्भ

या ग्रंथांत आलेख नाहीत. तथापि पूर्ण वर्गाची हीच रीत आज अन्वस्ताचा (परवलयाचा) शिरोबिंदू शोधण्यास वापरतात. य = (क्ष − ३२)² − २५६ या रूपावरून शिरोबिंदू (३२, −२५६) मिळतो. वर्ग कधीही ऋण नसल्याने तो वक्राचा सर्वांत खालचा बिंदू ठरतो. वर्गपदाचा सहगुणक धन आणि शिरोबिंदू क्ष-अक्षाखाली असल्यामुळे मुळे दोन असणार, तसेच शिरोबिंदू उजवीकडे असल्यामुळे मधल्या पदाचा सहगुणक ऋण असणार, हे समीकरण न सोडविताही सांगता येते.

इतर लेखन

श्रीपतींच्या ‘जातकपद्धती’वरील उदाहरणग्रंथात कृष्णांनी अब्दुर्रहीम खानखाना यांची जन्मपत्रिका उदाहरण म्हणून घेतली आहे. ‘छादकनिर्णय’ हा त्यांचा ग्रहणविषयक ग्रंथ होय.